छावणीतल्या चुली



पानिपतची एक गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत, एखाद्या शिबिरात किंवा अशाच एखाद्या व्यासपीठावरून ऐकलेली असेल. लढाईच्या आदल्या संध्याकाळी अहमदशहा अब्दाली एका उंचवट्यावर उभा राहून मराठ्यांच्या तळाकडे पाहत होता. तळावर जागोजाग लहान लहान धूर निघत होते. हे इतके धूर कसले, असे त्याने विचारले. कोणी सांगितले, हे लोक एकमेकांच्या हातचे खात नाहीत. म्हणून ज्याची त्याची चूल निराळी. त्यावर अब्दाली हसला आणि म्हणाला की, ज्यांना एकत्र जेवता येत नाही त्यांना एकत्र लढता काय येणार? उद्याची लढाई मी आजच जिंकली.

गोष्ट सुटसुटीत आहे. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि ऐकणाऱ्याची मान आपोआप खाली जाते. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला सुटसुटीत गोष्टीचेच अधिक भय वाटते. म्हणून आज या गोष्टीतील धुराचा माग काढीत थेट चुलीपर्यंत जावयाचे मी ठरविले आहे. उघड्या माळावर, तीन दगडांवर, हजारो माणसांचा स्वयंपाक होत असे तो कसा. त्याला काय लागे. त्यावाचून काय अडे. आणि पानिपतावर त्या चुलींचे खरोखर काय झाले, हे पाहावयाचे आहे. विषय लढाईच्या मानाने घरगुती वाटेल. तथापि आधी पोटोबा, मग विठोबा, ही म्हण ज्यांनी केली ते लोक पिढ्यान्‌पिढ्या मोहिमांवर जाणारेच होते, हे ध्यानात ठेवावे.

उघड्यावरची चूल ही दिसते तितकी सोपी वस्तू नाही. आपल्या वाकोल्यातील, सांताक्रूझमधील तरुण मंडळी शनिवार-रविवार सह्याद्रीत गडकिल्ल्यांवर जातात आणि तेथे कधी तीन दगड मांडून खिचडी शिजवितात. त्यांना मी काही नवे सांगणार नाही. नदीच्या पात्रातला गुळगुळीत दगड चुलीला घेऊ नये. त्यात पाणी मुरलेले असते आणि तापल्यावर तो फुटतो. चुलीचे तोंड थेट वाऱ्याकडे ठेवले तर जाळ भडकतो आणि जळण पाहता पाहता संपते. वाऱ्याकडे पाठ केली तर धूर कोंडतो आणि डोळे जातात. वारा तिरपा यावा लागतो. माणसे पुष्कळ असली म्हणजे दगडांऐवजी जमिनीत चर खणून त्यावर ओळीने भांडी मांडतात; त्याने जाळ वाया जात नाही. भाकरीला आधी तव्याखाली झणझणीत जाळ आणि मग फुगविण्याला निखारा लागतो. भाताला पाणी अधिक, भांडे खोल आणि वेळ जास्त. रोडग्याला तर तवाही नको. कणकेचे गोळे पेटलेल्या गोवऱ्यांच्या विस्तवात पुरावेत आणि राख झटकून खावेत. हुरडा भाजावयाचा तर जमिनीत खळगा करून त्यात गोवऱ्यांचा विस्तव करतात, त्याला आगटी म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवावा; पुढे तो फार मोठ्या ठिकाणी भेटणार आहे.

म्हणजे एका चुलीमागे चार वस्तू उभ्या असतात: दाणा, पाणी, जळण आणि वेळ. शंभर माणसांच्या तळावर चारांतले एखादे कमी पडले तर ती माणसे कुरकुरतात. पन्नास हजारांच्या तळावर कमी पडले तर आसपासचा मुलूख उजाड होतो. दाण्याचा विचार इतिहासकार थोडाफार करतात. जळणाचा विचार मात्र कोणी करीत नाही. पन्नास हजार माणसे एका जागी आठवडाभर राहिली तर दोन-चार कोसांतले झाडझाडोरा, कुंपणे, गोठ्यांची लाकडे, सारे चुलीत जाते आणि त्यानंतर जळण आणावयाला रोज तळ सोडून दूर जावे लागते. ज्याला शत्रूची कोंडी करावयाची आहे त्याला एवढे पुरे असते.

आता तो आगटीचा शब्द. शिवाजी महाराजांचे एक पत्र आहे, राज्याभिषेकाच्या आगेमागे लिहिलेले. चिपळूणजवळ हलवर्ण येथे त्यांच्या घोडदळाची छावणी पडली होती. तेथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना ते लिहिलेले आहे. रयतेच्या काळजीचा दाखला म्हणून या पत्राचा गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. पण मी ते आज निराळ्या कारणाने आपल्यापुढे ठेवतो. एका राज्यकर्त्याने सैन्याच्या स्वयंपाकावर इतका बारकाईने केलेला विचार मला दुसरीकडे आढळलेला नाही.

पत्रातला पहिला विषय साठ्याचा. पावसाळ्यासाठी दाणा आणि वैरण जमा करून ठेवली आहे. ती आताच मन मानेल तशी उधळलीत तर ऐन पावसात काही मिळणार नाही, उपास पडतील, घोडी मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही गावांत शिराल. कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटे, कोणी भाजी. घर धरून कसेबसे राहिलेले कुणबी तेही उठून जातील, आणि त्यांना तुम्ही मोगलांपेक्षा वाईट वाटाल. म्हणून ज्याला जे हवे ते त्याने बाजारात जाऊन रास्त किमतीने विकत घ्यावे. जळणाच्या काटकीचाही यात उल्लेख आहे, हे पाहावे.

दुसरा विषय विस्तवाचा. छावणीत गवताच्या गंजी रचलेल्या असतात. अशा जागी कोणी आगट्या करील, कोणी भलत्याच ठिकाणी चूल मांडून रांधील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल; गवत पडले आहे की वारा सुटला आहे याचे भान कोणाला राहणार नाही. एका खणाला आग लागली की सारे खण जातील. मग कुणब्यांच्या माना मारल्या आणि कारकुनांना कितीही ताकीद दिली तरी एक लाकूडही परत मिळणार नाही, की एक खण उभा राहणार नाही. तेव्हा अंमलदारांनी स्वतः फिरत राहावे, रांधणाऱ्यांवर आणि आगट्या जाळणाऱ्यांवर नजर ठेवावी. इतकेच काय, रात्री घरात दिवा राहिला तर एखादा उंदीर जळती वात ओढून नेईल, याचीही सूचना त्यांनी दिली आहे. वातीच्या लोभाने येणारा उंदीर राजाच्या पत्रात येतो, याचे पुष्कळांना हसू येते. ज्याने गवताची गंजी जळताना पाहिली आहे त्याला येणार नाही.

सभासदाच्या बखरीवरून या व्यवस्थेचा दुसरा अर्धा भाग कळतो. दसऱ्याला लष्कर बाहेर पडावे, आठ महिने परमुलखात त्याने पोट भरावे, पावसाळ्याला स्वदेशी छावणीस यावे. लष्करात बायको, बटीक, कलावंतीण नसावी. या नियमाकडे नीतीचा नियम म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. मला तो पुष्कळसा चुलींचा हिशेब वाटतो. स्वाराबरोबर कुटुंब आले की तंबू आला, भांडी आली, भांडी वाहणारा बैल आला, बैलाला वैरण आली आणि स्वाराचा वेग गेला. एकटा स्वार खोगिराला बांधलेल्या पडशीत सातूचे पीठ, फुटाणे, शिळ्या भाकरी आणि कोरडी चटणी घेऊन चूल न पेटविता दोन दिवस काढू शकतो. चूल न पेटविण्याचा आणखी एक फायदा असा की दिवसा धूर दिसत नाही आणि रात्री जाळ.

पहिल्या बाजीरावाची एक आख्यायिका याच मुद्द्याची आहे. निजामाने त्याचे जसे दिसेल तसे चित्र काढून आणावयाला चित्रकार पाठविला, आणि चित्रकाराने काढून आणले ते असे: घोड्याचा लगाम मानेवर सैल टाकला आहे, भाला खांद्याला टेकला आहे, आणि स्वार चालता चालता जोंधळ्याचे कणीस हातावर चोळून दाणे तोंडात टाकीत आहे. हे चित्र खरोखर निघाले की नाही याबद्दल मी शपथ घेणार नाही. पण त्या सैन्याची रीत त्यात अचूक उतरली आहे. शेतातले कणीस हेच ज्याचे कोठार, त्याची कोंडी कशी करावी?

त्याने मात्र दुसऱ्यांची केली. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ निजामाचे अवजड सैन्य पाणी आणि दाणा तोडून त्याने असे जखडले की मोठी लढाई न होताच निजामाला वाटाघाटीला बसावे लागले आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. डिसेंबर १७३७ मध्ये भोपाळला तोच निजाम, तीच युक्ती. तोफा होत्या, तटबंदी होती. चुलीवर ठेवावयाला काही नव्हते. जानेवारी १७३८ मध्ये दुराहासराईला तह झाला. शत्रूला मारण्याऐवजी त्याच्या चुली विझवाव्यात, ही विद्या त्या काळच्या मराठ्यांइतकी हिंदुस्थानात दुसऱ्या कोणाला साधली नव्हती.

आपण आज ज्या भूमीवर बसलो आहोत तिचाही या विषयाशी संबंध आहे. वाकोला, कोळे-कल्याण, कालिना ही गावे साष्टीतली. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि साष्टी त्यांच्याकडे आली. पुढे मे १७३९ मध्ये वसई पडेपर्यंत चिमाजी आप्पांच्या फौजा या पट्ट्यात वावरत होत्या. घाटावरचा माणूस जोंधळा-बाजरीच्या भाकरीवर वाढलेला, आणि येथे पाहावे तिकडे भात. खाडीच्या कडेला गोड्या पाण्याची विहीर शोधावी लागते आणि पाऊस लागला की कोरडे लाकूड सापडत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्यावर चूल पेटविण्याचा ज्यांनी प्रयत्न केला आहे त्यांना, पावसाळ्यात मोहिमा का थंडावत, याचे उत्तर बखरीत शोधावे लागणार नाही. आपल्या वस्तीतून वाहणारा वाकोला नाला मिठीला मिळतो. त्याच्या काठाने आज विमानांची घरघर ऐकत आपण राहतो. पुढे डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतले आणि साष्टी गेली.

मराठ्यांचे राज्य वाढले, मोहिमा उत्तरेत गेल्या, आणि छावणी बदलली. हे एका दिवसात झाले नाही. आठ महिन्यांच्या मोहिमा दोन-दोन वर्षांच्या झाल्या. तोफा आल्या, आणि तोफांच्या बैलांच्या चालीने घोड्यांना चालावे लागले. परमुलूख राहिला नाही. जेथे जावे तो आपलाच खंडणीचा मुलूख, तेथे कणसे कशी ओरबाडावी? मग दाणा विकत घ्यावा लागला, आणि छावणीबरोबर बाजार चालू लागला. वंजारी-लमाणांचे तांडे हजारो बैलांच्या पाठीवर धान्य घालून फौजांच्या मागोमाग जात. लढाई कोणाची हे त्यांना विचारावयाचे नसे. जो दाम देईल आणि वाट राखील त्याच्याकडे ते धान्य उतरवीत. १८०३ मध्ये वेलस्ली दक्षिणेत शिंदे-भोसल्यांवर चालून आला तेव्हा त्याचीही सारी चिंता याच तांड्यांची आणि बैलांची होती.

अशा छावणीचे सविस्तर वर्णन थॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने केले आहे. १८०९ मध्ये तो दौलतराव शिंद्यांच्या लष्कराबरोबर राजपुतान्यात फिरत होता. त्याची पत्रे १८१३ मध्ये प्रसिद्ध झाली. इंग्रजी नजरेचा तुच्छभाव त्याच्यात आहेच, पण डोळे उघडे आहेत. कूच झाले की बिनीवाला पुढे जाऊन जागा पाहतो आणि निशाण रोवतो. मग प्रत्येक बाजार आपापल्या निशाणाच्या खुणेने ठरल्या जागी उतरतो, आणि दुपारपर्यंत माळावर रस्त्यांचे, दुकानांचे गाव उभे राहते. हे गाव रोज उठते आणि रोज वसते. येथे चुलींची संख्या कोण मोजणार? आणि चुलीगणिक लढणारी माणसे किती नि नुसती खाणारी किती, याचा हिशेब कोणाजवळ असणार? शिवाजी महाराजांच्या पत्रातल्या छावणीपासून ही छावणी किती दूर गेली होती, ते यावरून कळते.

पानिपतावर १७६० च्या अखेरीस याच जातीची छावणी उभी होती, आणि तिच्यात त्याखेरीज यात्रेकरूही होते. उत्तरेत फौज जाते आहे तर काशी-प्रयाग घडेल, म्हणून पुष्कळ घराण्यांतली बायकामाणसे निघाली. पुढे नाना फडणीस म्हणून प्रसिद्धीस आलेले बाळाजी जनार्दन तेव्हा विशीच्या आतले होते. तेही आपल्या आईला आणि पत्नीला घेऊन तेथे होते. जड सामान आणि कुटुंबे मागे ठेवून सडे होऊन लढावे, असा सल्ला मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाट यांनी दिला होता असे काशिराज लिहितो. तो मानला गेला नाही. या एका निर्णयाबद्दल भाऊसाहेबांना जेवढा दोष दिला गेला आहे तेवढा दुसऱ्या कशाबद्दल नाही. परंतु उदगीरला तोफांनी मिळविलेला विजय ताजा होता, आणि तोफा सडेपणाने हिंडत नाहीत, हेही विसरू नये.

आता आपण सुरुवातीच्या गोष्टीकडे येऊ. काशिराज हा दक्षिणी ब्राह्मण शुजाउद्दौल्याच्या नोकरीत होता आणि लढाईच्या वेळी अब्दालीच्या बाजूच्या तळावर हजर होता. त्याने आपली हकीकत १७८० च्या सुमारास फारसीत लिहिली. अब्दालीच्या मुखातले अनेक प्रसंग आणि त्याच्या तळावरच्या अनेक गोष्टी तो सांगतो. धूर पाहून अब्दाली असे बोलला असता तर ते सांगण्यासारखे आहे हे त्याला कळले असते. त्याच्या हकीकतीत ही गोष्ट नाही.

पण कागदात नाही म्हणून घडले नाही असे म्हणणे हा कच्चा न्याय आहे. म्हणून कागद बाजूला ठेवून नुसत्या धुराचाच विचार करू. अब्दालीच्या स्वतःच्या पक्षात कोण होते? शुजाउद्दौला होता, आणि त्याच्या फौजेत उमरावगिरी-अनूपगिरी यांचे गोसावी होते. शुजाच्या हिंदू कारकुनांची आणि शिपायांची चूल अफगाणांच्या चुलीला लागून असेल काय? उंचवट्यावरून मागे वळून पाहिले असते तर अब्दालीला आपल्याही तळावर पुष्कळ धूर दिसले असते. उलट मराठ्यांकडे इब्राहिमखान गारद्याचे शिपाई होते, ते शेवटपर्यंत लढले आणि कापले गेले. त्यांची चूल भाऊसाहेबांच्या मुदपाकखान्यापेक्षा निराळीच असणार. त्याने त्यांच्या लढण्यात काय उणे आले?

याहून बोलका दाखला इंग्रजांचा आहे. कंपनी सरकारच्या शिपायांपैकी पुष्कळजण आपापली चूल मांडून आपापली भाकरी भाजत. त्या निरनिराळ्या चुलींनिशी कंपनीने हिंदुस्थान जिंकला. १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव भीमेला मुंबईच्या पलटणीचे शिपाई अन्नपाण्यावाचून सकाळपासून रात्रीपर्यंत लढले. १९१४ नंतर जखमी हिंदी शिपायांसाठी इंग्लंडात ब्रायटनच्या राजवाड्यात इस्पितळ उघडले, तेव्हा तेथे इंग्रजांनी नऊ निरनिराळी स्वयंपाकघरे ठेवली होती. फ्रान्सच्या खंदकांत लढून आलेली हीच माणसे. वेगळ्या चुलीने लढाई हरते हा सिद्धान्त या दाखल्यांपुढे टिकत नाही.

तेव्हा जातींच्या निराळ्या चुली निर्दोष होत्या, असे मी म्हणतो असे कृपा करून कोणी समजू नये. त्यांची किंमत छावणीला मोजावी लागत होती, आणि ती किंमत धुरात दिसत नसे, जळणात दिसे. वीस माणसांचे एका चरावर रांधले तर जे लाकूड लागेल त्याच्या कितीतरी पट लाकूड वीस जणांच्या वीस चुलींना लागते. पाणी, भांडी, वेळ, ओझ्याचे बैल, सारे त्याच मानाने वाढते. तुर्कांच्या जानिसारी पलटणींचे उदाहरण पाहावे. त्यांच्यात पलटणीची कढई ही निशाणाइतकी पूज्य मानीत. पलटणीच्या नायकाला 'चोर्बाजी', म्हणजे सार वाढणारा, अशी पदवी होती. आणि शिपायांनी कढई पालथी घातली म्हणजे बंड झाले असे सुलतान समजे. एक कढई असलेल्या सैन्याला एक तोंड असते. आपल्याकडे ते नव्हते. आणि ज्यांना कोणाच्याच चुलीजवळ येऊ दिले जात नव्हते, जे त्याच तळासाठी लाकूड फोडीत, गवत आणीत, मेलेली जनावरे ओढीत, त्यांच्या पदरात काय पडे, हे बखरी सांगत नाहीत.

सहभोजनाच्या चळवळीत अनेक प्रामाणिक लोकांनी ही अब्दालीची गोष्ट सांगितली. ती मला पटत नाही, याचे कारण त्यांचे उद्दिष्ट मला पटत नाही हे नव्हे. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्यांनी अब्दालीचा दाखला मागितला नव्हता. माणसाने माणसाच्या हातचे खाऊ नये ही गोष्ट लढाई जिंकली असती तरीही तितकीच वाईट ठरली असती. गोष्टीतला सौदा असा आहे की भेद वाईट, कारण त्याने पराभव झाला. उद्या कोणी, भेद असूनही विजय झाले, असे दाखवून दिले, आणि ते मी आताच दाखविले आहे, तर या युक्तिवादाजवळ काय उरते? शिवाय या गोष्टीने दुसरे एक नुकसान केले आहे. पानिपतावर चुलींचे जे खरोखर झाले ते तिच्या धुरात दिसेनासे झाले. ते आता क्रमाने सांगतो.

१७ ऑक्टोबर १७६० ला मराठ्यांनी कुंजपुरा घेतला आणि तेथे अब्दालीसाठी साठविलेले धान्य त्यांच्या हाती लागले. तोवर चुली भरलेल्या होत्या. ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठे नि दिल्ली यांच्या मध्ये आला. भाऊसाहेबांनी पानिपत गावाला लागून खंदक खणून तळ दिला. सुरुवातीला दोन्ही सैन्ये एकमेकांची वाट अडवू पाहत होती. अब्दालीची पाठ नजीबखानाच्या दुआबाकडे होती, आणि तेथून त्याला दाणा येत राहिला. तो तोडण्याचे काम भाऊसाहेबांनी गोविंदपंत बुंदेल्यांना सांगितले होते. रसद मारा, पैसा पाठवा, अशी निकडीची पत्रे त्यांना जात होती. राजवाड्यांनी १८९८ मध्ये छापलेल्या पहिल्या खंडात ही पत्रे आज कोणालाही वाचता येतात. म्हणजे पालखेडची आणि भोपाळची विद्या भाऊसाहेब विसरले नव्हते. परंतु डिसेंबरात गोविंदपंत अफगाण स्वारांच्या अचानक छाप्यात मारले गेले आणि शत्रूच्या चुली विझविण्याची आशा त्यांच्याबरोबर संपली. आता तोच डाव उलटला होता: निजामाच्या जागी आपण होतो.

मग गावातला दाणा संपला. वैरण संपली, जनावरे मरू लागली. उत्तरेतली थंडी, दक्षिणेतून आलेल्या माणसांना ती सोसेना, आणि शेकावयालाही लाकूडच लागते. खंदकाच्या आतले झाडझाडोरा केव्हाच गेला असणार. तेव्हा बाजारबुणगे, मोतद्दार, गरीबगुरीब रात्री तळाबाहेर पडून लाकूडफाटा आणि खाण्याजोगे काही मिळते काय ते शोधू लागले. एके रात्री असा मोठा जमाव बाहेर गेला असता शहापसंदखानाच्या स्वारांनी त्याला घेरून कापून काढले. काशिराज त्यांचा आकडा वीस हजार देतो. हा आकडा मला फुगविलेला वाटतो. परंतु निम्मा धरला, चौथाई धरला, तरी एका रात्रीत सरपणासाठी गेलेल्या एवढ्या माणसांचा मृत्यू आपल्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीचाही धनी होऊ नये, आणि अब्दालीच्या त्या उंचवट्याला मात्र मानाची जागा मिळावी, याचे मला नवल वाटते. त्यानंतर रात्री बाहेर पडण्याची कोणाची छाती झाली नसेल.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीहून पैसा घेऊन येणारी तुकडी वाट चुकून अंधारात अफगाणांच्या तळात शिरली आणि तीही संपली. पैसा आला असता तरी विकत घ्यावयाला दाणा कोठे होता, हा प्रश्न आहेच.

आदल्या दिवशी संध्याकाळी सरदार आणि शिपाई भाऊसाहेबांच्या डेऱ्याभोवती जमले. दोन दिवस झाले, पोटात अन्न नाही. असे झिजून मरण्यापेक्षा एकदा तुटून पडू, मग काय व्हायचे ते होवो, असे त्यांचे म्हणणे होते. भाऊसाहेबांनी ते मान्य केले आणि लढाईचा बेत ठरला. म्हणजे ज्या संध्याकाळी गोष्टीतल्या अब्दालीला जागोजाग धूर दिसतात, त्या संध्याकाळी मराठ्यांच्या बहुतेक चुली दोन दिवस थंड होत्या.

त्यानंतर भाऊसाहेबांनी कोठारात उरलासुरला जो दाणा होता तो सगळा वाटून टाकण्याचा हुकूम दिला, एवढ्यासाठी की लढाईपूर्वी फौजेला एक वेळ पोटभर जेवण मिळावे. त्या रात्री जर कोठे धूर निघाला असेल तर तो या जेवणाचा. पहाटेपूर्वी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पागोट्यांचे शेव मोकळे सोडून आणि हातातोंडाला हळद फासून ते खंदकाबाहेर पडले.